ओळीचे नऊ दिवस आणि देवमाशांची वाट

सारोळ्याला पुणे-सातारा रस्त्यालगत आमचे भुसार मालाचे दुकान तीन पिढ्यांपासून आहे. नीरेचा पूल तेथून जवळच. पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. लहानपणी दिवाळी सरली की मी गादीवर वडिलांशेजारी बसून पुलाच्या दिशेला डोळे लावीत असे. फलटण-लोणंदकडचे धनगर मेंढरे घेऊन नीरा ओलांडत, आमच्या गावावरून भोरकडे वळत आणि वरंधा घाटाने कोकणात उतरत. पावसाच्या तोंडावर तीच मेंढरे परत येत. परतताना कळपाची चाल संथ असे, कारण मागे नवी कोकरे असत. अगदी कालपरवा जन्मलेली तर घोड्याच्या पाठीवरच्या झोळीतून माना बाहेर काढून पाहत. वडील लेखणी खाली ठेवून तो कळप पार होईपर्यंत पाहत राहत. "जाताना मोजू नये, येताना मोजावे," असे ते म्हणत. व्यापाऱ्याचे ते साधे बोलणे होते. उधारीवर दिलेल्या मालाविषयीही ते हेच म्हणत.

ते वाक्य मला यंदाच्या चैत्रात आठवले, आणि तेही सारोळ्यापासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर, एका समुद्रकड्यावर बसून.

आमचा मुलगा गेली चौदा वर्षे कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स या गावी राहतो. आम्ही उभयता दर दोन वर्षांनी तिकडे जातो आणि सहा महिने भरत आले की परततो. आपल्या समाजातील कितीतरी घरांतून आता आजी-आजोबांची अशी ये-जा चालू असते. विमानतळावर चाकांच्या खुर्च्यांची रांग पाहिली की हा एक ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करणारा थवाच आहे असे वाटते. दुकान पुतण्या पाहतो. रोजमेळ मात्र मी सारोळ्यात असेन तेव्हा अजून मीच लिहितो.

या वेळी चैत्रातील आयंबिलाची ओळी तिकडेच आली, ४ ते १२ एप्रिल २०२५. सौ.ची ४१ वर्षांत एकही ओळी चुकलेली नाही. सूनबाईंनी सर्व व्यवस्था चोख ठेवली होती: दुपारी एकदाच तेल-तूप-दूध-गूळ वर्ज्य असलेले उकडलेले धान्य आणि त्यानंतर सूर्यास्तापर्यंत केवळ उकळलेले पाणी. अकरा वर्षांची आमची नात रविवारी ब्युएना पार्क येथील जैन केंद्रातील पाठशाळेत जाते, त्यामुळे तिला ओळीचे नवल नव्हते. तिला नवल होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. "दादा, याच दिवसांत देवमाशा आपल्या बाळांना घेऊन उत्तरेला निघतात. घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर, काठावरून दिसतात. बालाही घेऊन जाऊ या." (आमच्याकडे आजीला बा म्हणतात.)

खरे सांगायचे तर मला फारसा उत्साह नव्हता. देवमासा म्हटले की आपल्याकडच्या व्यापाऱ्याला वृत्तपत्रातील एकच बातमी आठवते: देवमाशाची उलटी बाळगणारे कोणी पकडले गेले, तिची किंमत इतके कोटी. ती उलटी म्हणजे अंबर, अत्तरात वापरला जाणारा जिन्नस. आपल्या देशात वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे, तरी लोभ सुटत नाही. इतक्या प्रचंड प्राण्याविषयी आमचे ज्ञान त्याच्या पोटातून पडलेल्या गोळ्यापुरते मर्यादित असावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. नातीपुढे हे कबूल करणे जड गेले, म्हणून निमूटपणे गाडीत बसलो.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला पालोस व्हर्देस नावाचे डोंगराळ भूशिर समुद्रात शिरले आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर पॉइंट व्हिसेंटी. तेथे १९२६ सालचे पांढरेशुभ्र दीपगृह आहे आणि शेजारी एक माहितीकेंद्र. प्रवेशाला शुल्क नाही. खाली शंभराहून अधिक फूट सरळ तुटलेला कडा, कड्याच्या पायथ्याशी काळपट खडक, खडकांपलीकडे पाण्यात केल्प नावाच्या उंच सागरी शैवालाचे तपकिरी रान. समोर तीसेक किलोमीटरवर कॅटलिना बेट. ते कधी स्पष्ट दिसते, कधी ढगात विरघळते. एप्रिलच्या सकाळी तेथे समुद्रावर करड्या ढगांचे छत पसरते आणि वारा अंगात शिरतो. सौ.ने शालीवर शाल घेतली.

माहितीकेंद्राच्या मागच्या ओट्यावर चार-पाच माणसे दुर्बिणी लावून बसली होती. बहुतेक माझ्याच वयाची, निवृत्त. कोणी शिक्षिका, कोणी अभियंता. अमेरिकन सिटेशियन सोसायटीच्या लॉस एंजेलिस शाखेचे हे स्वयंसेवक १९८४ पासून दर हंगामात, डिसेंबरच्या आरंभापासून मेच्या अखेरपर्यंत, उजाडल्यापासून मावळेपर्यंत पाळीपाळीने बसून समोरून जाणारा प्रत्येक करडा देवमासा वहीत नोंदवतात. किती वाजता, किती, कोणत्या दिशेने, सोबत पिल्लू आहे की नाही. वेतन नाही. मी जन्मभर आवक-जावक लिहीत आलो. ज्या मालावर आपला काडीचा हक्क नाही त्याची इतकी काटेकोर नोंद ठेवणारी पेढी मी प्रथमच पाहिली. त्यांच्यातील एका वृद्ध बाईंनी मला वही दाखविली. रकाने आखलेले, अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. मी त्यांना सांगितले की आमच्याकडे अशा वहीला रोजमेळ म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला.

पहिल्या दिवशी काही दिसले नाही. म्हणजे त्यांना दिसले, मला नाही. "दीपगृहाच्या डावीकडे, केल्पच्या कडेला," असे कोणी म्हणे आणि मी तिकडे पाहीपर्यंत तेथे पाणीच पाणी. समुद्र पाहण्याची सवय नसलेल्या, नदीकाठच्या माणसाची दृष्टी पाण्यावर ठरत नाही. लाटेचा फेस, पेलिकन पक्षी, वाऱ्याने उठलेली रेघ, सगळे सारखेच वाटते. दुसऱ्या दिवशी नातीने मला पाहण्याची रीत शिकविली. प्राणी शोधायचा नाही, त्याचा श्वास शोधायचा. करडा देवमासा वर येऊन श्वास सोडतो तेव्हा दहा-पंधरा फूट उंच धूसर फवारा उडतो. समोरून किंवा मागून पाहिले तर त्याचा आकार बदामासारखा दिसतो. तीन-चार वेळा असा श्वास घेतला की तो शेपटी उचलून खाली जातो आणि तीन ते पाच मिनिटे दिसत नाही. मात्र जेथे तो बुडाला तेथे शेपटीच्या धक्क्याने पाण्यावर एक गुळगुळीत वर्तुळ उमटते, जणू कोणी घागरभर तेल ओतले आहे. तेथून त्याच्या चालीचा अंदाज बांधून नजर पुढे सरकवायची आणि वाट पाहायची.

तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमारास, केल्पच्या अगदी अलीकडे एक मोठा फवारा उडाला आणि त्याच्या शेजारी लगेच एक छोटा.

त्यानंतरची वीस मिनिटे मी दुर्बीण कोणाला दिली नाही. कड्यावरून खाली पाहत असल्याने पाण्यातील आकृती स्पष्ट दिसत होती. आईची पाठ करड्या पाटासारखी, पांढुरक्या डागांनी भरलेली. हे डाग म्हणजे तिच्या कातडीला चिकटून राहणारे कवचाचे जीव आणि त्यांनी सोडलेले व्रण. पाठीवर पंख नाही, शेपटीकडे नुसत्या गाठी-गाठी. पिल्लू गडद रंगाचे, तुकतुकीत, आणि आईला इतके लगटलेले की कधी तिच्या पाठीवर चढून घसरे, कधी पलीकडून अलीकडे येई. आई ४० फुटांहून लांब असावी असे शेजारच्या बाई म्हणाल्या. एवढा देह, आणि वेग आपल्या भरभर चालण्याइतकाच. पिल्लाचा श्वास लहान म्हणून ती मधूनमधून थांबत होती. झोळीतून डोकावणारी कोकरे मला तेव्हाच आठवली.

या प्राण्याच्या प्रवासाची हकिगत अशी. उन्हाळ्यात हे देवमासे अलास्कापलीकडच्या बेरिंग आणि चुकची समुद्रांत असतात. तेथे तळाच्या चिखलात झिंग्यासारखे चिमुकले जीव असंख्य असतात. देवमासा कुशीवर वळून चिखल तोंडात ओढतो आणि जबड्यातील झालरीसारख्या पट्ट्यांतून पाणी-गाळ बाहेर टाकून खाद्य ठेवतो. शरद सरला, पाणी गोठू लागले की दक्षिणेचा प्रवास. अमेरिकेच्या किनाऱ्याला धरून ते मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ, उबदार खाजणांत पोहोचतात. तेथे पिल्ले जन्मतात, सुमारे १५ फुटांची. मग परतीची वाट. जाऊन-येऊन १६ ते २० हजार किलोमीटर, दरवर्षी. नर आणि बिनपिल्लांच्या माद्या आधी उत्तरेला निघतात. पिल्लांत बळ येईपर्यंत आया खाजणात थांबतात आणि सर्वांत शेवटी, एप्रिल-मेमध्ये, किनाऱ्याला अगदी चिकटून निघतात, कारण खोल पाण्यात ऑर्का नावाचे शिकारी पिल्लांवर टपलेले असतात. कड्यावरून त्या इतक्या जवळ दिसतात त्याचे कारण हे भय आहे. पाहणाऱ्याला मात्र ते दर्शनसुख वाटते.

आणि या साऱ्या काळात, उत्तरेहून निघाल्यापासून पुन्हा तेथे पोहोचेपर्यंत, ती आई जवळजवळ काही खात नाही. उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर ती स्वतः जगते आणि त्यातूनच निम्म्याहून अधिक स्निग्धांश असलेले दूध पिल्लाला पाजते.

हे ऐकून नात सौ.ला म्हणाली, "म्हणजे बा, तिचीही तुझ्यासारखी ओळीच चालली आहे."

सौ. अशा बाबतीत काटेकोर आहेत. त्या म्हणाल्या, "नाही गं. माझ्या घरात अन्न आहे आणि मी पच्चक्खाण घेऊन ते सोडते. तिच्यापुढे अन्नच नाही. तिची ती भूक आहे, तप नव्हे." मग बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिल्या. थोड्या वेळाने, नातीला उद्देशून पण बहुधा स्वतःशीच, म्हणाल्या, "तुझे बाबा अंगावर पीत होते तोवर सासूबाईंनी मला ओळी करू दिली नव्हती. पाजणारीने उपाशी राहू नये म्हणत. हिला सांगायला कोण आहे?"

मुलगा शेजारी उभा होता. त्याने काही न बोलता आईच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

त्या कड्यावरून डावीकडे किनारा वळतो तिकडे पोर्तुगीज बेंड नावाचा भाग आहे. अलीकडे तेथील जमीनच समुद्राकडे सरकू लागली असून घरे-रस्ते तडकले आहेत. पण नाव जुने आहे, आणि ते पडले एकोणिसाव्या शतकात तेथे तळ ठोकलेल्या पोर्तुगीज देवमासेमारांवरून. काठावरून फवारा दिसला की होड्या पाण्यात लोटायच्या, भाला मारायचा, प्राणी ओढून आणायचा आणि मोठ्या कढयांत चरबी कढवून तेल काढायचे. ते तेल दिव्यांत जळे, यंत्रांना वंगण म्हणून जाई. आम्ही ज्या ओट्यावर बसून श्वास मोजत होतो, त्याच किनाऱ्यावर दीडशे वर्षांपूर्वी तसाच माणूस बसून तोच श्वास शोधत होता. वहीसुद्धा असेल, फक्त रकाना पिंपांचा.

पण किनाऱ्यावरची शिकार किरकोळ. घाऊक संहार झाला तो मेक्सिकोच्या खाजणांत. चार्ल्स स्कॅमन नावाचा अमेरिकन कप्तान १८५७ च्या हिवाळ्यात ओहो दे लिएब्रे या खाजणाचे अरुंद तोंड शोधून आत शिरला. आत उथळ पाण्यात शेकडो माद्या पिल्लांसह विसावलेल्या. पिल्लाला अडवले की आई जवळ येते, हे त्यांनी लवकरच हेरले. चवताळलेल्या आया होड्या फोडत, म्हणून खलाशांनी या प्राण्याला सैतानमासा असे नाव दिले. आपल्या पिल्लासाठी जीव देणारीला सैतान म्हणणे, हे नफ्याच्या हिशेबातच सुचू शकते. पुढे भाल्याच्या टोकाला स्फोटक आले आणि तेही धैर्य व्यर्थ झाले. स्कॅमनचा सुगावा लागताच मागोमाग इतर जहाजे लोटली. काही हंगामांतच खाजण असे ओस पडले की शिकार परवडेना.

या स्कॅमनची पुढची कथा मला विशेष वाटली. हाच माणूस या प्राण्यांचे बारकाईने निरीक्षण करून लिहिणारा झाला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सागरी सस्तन प्राण्यांवर १८७४ साली त्याने जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो आजही अभ्यासक मानतात, आणि करडा देवमासा नामशेष होईल ही भीती त्यात त्यानेच व्यक्त केली आहे. त्याला पश्चात्ताप झाला होता की नाही, हे मी ठरवू शकत नाही. व्यापारात आपण अनेकदा पाहतो: माल संपल्यावर मालाची खरी किंमत कळते. अटलांटिक महासागरातील करडे देवमासे तर अठराव्या शतकापर्यंत पूर्णपणे संपलेच होते.

प्रशांत महासागरातील मात्र वाचले. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर व्यापारी शिकार थांबली. थांबली एवढेच, कोणी त्यांना खाऊ घातले नाही, पाळले नाही. नुसता हात आवरला आणि संख्या हळूहळू वाढत गेली. १९९४ मध्ये अमेरिकेने त्यांना संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळले. त्याआधी, १९७२ साली, सान इग्नासिओच्या खाजणात पाचिको मायोराल नावाचा मच्छीमार मासेमारी करीत असता एक देवमाशीण त्याच्या छोट्या होडीला येऊन भिडली. सैतानमाशाच्या कथा ऐकत वाढलेला तो माणूस भीतीने गारठला. ती होडीखालून इकडून तिकडे जात राहिली, काही करीना. शेवटी त्याने हात पुढे करून तिला स्पर्श केला. आज त्या खाजणात आया आपणहून पिल्लांना होड्यांजवळ आणतात. त्याच सान इग्नासिओला मित्सुबिशी कंपनी आणि मेक्सिको सरकार मिळून मिठाचा अवाढव्य कारखाना काढणार होते. वर्षानुवर्षांच्या विरोधानंतर मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष सेदियो यांनी ती योजना रद्द केली. अभयदान हा शब्द आपण पर्युषणात ऐकतो. ते देता येते आणि घेणारा ते ओळखतो, हे या खाजणात दिसते.

इथवर हिशेब जमेचा आहे. इथेच लेख संपविता आला असता तर बरे झाले असते.

२०१६ च्या सुमारास या देवमाशांची संख्या २७ हजारांच्या आसपास होती. २०१९ पासून किनाऱ्यावर हाडाडलेली प्रेते येऊ लागली. २०२३ च्या अखेरीपर्यंत मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत सुमारे ६९० मोजली गेली. जी समुद्रातच बुडाली त्यांची गणती नाही. शास्त्रज्ञांच्या मते मूळ कारण उत्तरेच्या कुरणात आहे. तेथील समुद्रावरच्या बर्फाला लागून शैवाल वाढते, ते तळाशी पडते, त्यावर ते चिमुकले जीव पोसतात आणि त्यांवर देवमासे. पृथ्वी तापून बर्फ आटले, तसे तळाचे कोठार रिते होऊ लागले. वाटेत जाळ्यांचे दोर आणि जहाजांची धडक आहेच. ओट्यावरच्या त्या वृद्ध बाई दुर्बीण न काढता म्हणाल्या की पाठ पाहून कळते. डोक्यामागे खळगा पडलेला दिसला की समजावे, ही उपाशी आहे. त्यानंतर मी प्रत्येक पाठीत तो खळगा शोधू लागलो, आणि एकीत तो दिसला.

भाला मारणारा माणूस समोर असतो तेव्हा त्याला थांब म्हणता येते. या वेळचा भाला कोणाच्या हातात आहे?

डोंगराच्या पलीकडे लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही जोडबंदरे आहेत, अमेरिकेतील सर्वांत मोठी. कड्यावर बसले की क्षितिजावर कंटेनरांचे मनोरे रचलेली जहाजे एकामागून एक सरकताना दिसतात, अगदी देवमाशांच्या वाटेला आडवी. आदल्याच आठवड्यात आम्ही आर्टेशिया येथील पायोनियर बुलेव्हार्डवर किराणा घ्यायला गेलो होतो. तेथे एका दुकानात इंद्रायणी तांदळाची थैली दिसली आणि मला भरून आले. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांचा तो वास मी थैली न फोडताच ओळखला. आता कड्यावर बसून मला वाटले, ती थैली अशाच एखाद्या जहाजातून आली. मी अशाच मालाच्या उलाढालीवर जगलो, मुलाला शिकविले, आणि त्याला भेटायला विमानाने येतो. या खात्यात नावे बाजूला माझीही नोंद आहे, अगदी बारीक अक्षरांत का होईना. आपण व्यापारी लोक अहिंसेचा विचार करताना हाताने काय केले ते पाहतो. मालाच्या वाटेत काय चिरडले गेले, ते पाहण्याची सवय आपल्याला नाही. मला तरी नव्हती.

याच बाजूने एक गोष्ट आशादायक कळली. २०१४ पासून या किनाऱ्यावर एक योजना चालू आहे. ठरावीक महिन्यांत जहाज कंपन्यांनी स्वेच्छेने वेग दहा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरपर्यंत, कमी करायचा. त्याने धडकेचा धोका घटतो आणि धूरही कमी होतो. कायद्याची सक्ती नसताना अनेक मोठ्या कंपन्या त्यात सामील आहेत. माल काही तास उशिरा पोहोचतो. पन्नास वर्षे दुकान चालविलेला माणूस म्हणून सांगतो, काही तासांनी कोणाचेही दिवाळे निघत नाही.

सातव्या दिवशी महावीर जन्मकल्याणक होते. सकाळी ब्युएना पार्कला दर्शन-पूजा झाली, दुपारी सौ.चे आयंबिल झाले आणि सायंकाळी सौ.नेच कड्यावर जाण्याचा आग्रह धरला. आम्ही बाकीच्यांनी सूर्यास्तापूर्वीचे जेवण गाडीतच उरकले. त्या संध्याकाळी देवमासा एकही दिसला नाही. मुलगा माझ्याजवळ येऊन बाकावर बसला आणि जे बोलायला त्याला दोन वर्षे लागली होती ते बोलला. "पप्पा, आता परत जाऊ नका. कागदपत्रांचे मी पाहतो. बाला आता हा प्रवास झेपत नाही."

मला उत्तर सुचेना. दुकानाचे कारण सांगणे खोटे ठरले असते; दुकान माझ्यावाचून चालते, हे त्यालाही ठाऊक आहे. सौ.नी ते ऐकले होते. त्या म्हणाल्या, "झेपतो की नाही ते मी सांगेन. तोवर येऊ, जाऊ. सारोळ्याच्या घरात दिवा लावायला कोणी हवे." मुलाने मान हलविली. हा विषय मिटला असे मी म्हणणार नाही.

मला त्या वेळी गणपतीपुळ्याची आठवण झाली. २०२३ च्या दिवाळीच्या दिवसांत तेथील वाळूत देवमाशाचे एक पिल्लू येऊन रुतले होते. आपल्या अरबी समुद्रातही देवमासे आहेत. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ निळ्या देवमाशांची नोंद झालेली आहे, आणि २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रहाची खूण लावलेली लुबान नावाची एक कुबड असलेली देवमाशीण समुद्र ओलांडून गोव्यापर्यंत आली होती. पुळ्याच्या त्या पिल्लाला वाचविण्यासाठी ग्रामस्थ, वनखात्याचे आणि इतर विभागांचे लोक जवळजवळ दोन दिवस झटले. अंगावर ओले कापड टाकून, पाणी ओतून ते जिवंत ठेवले, भरतीच्या पाण्यात ओढून समुद्रात सोडले. ते पुन्हा काठाला आले आणि गेले. दूरचित्रवाणीवर ते पाहताना सौ. एवढेच म्हणाल्या होत्या, "त्याची आई कुठे असेल?" पॉइंट व्हिसेंटीच्या कड्यावर आईच्या पाठीवर घसरगुंडी खेळणारे पिल्लू पाहिले तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, ते मी विचारले नाही.

नऊ दिवसांत आम्ही सहा वेळा तेथे गेलो. आमच्या वाट्याला एकूण तीन जोड्या आल्या आणि काही एकटे देवमासे. पारण्याच्या सकाळी सौ.नी मुगाचे पाणी घेतले आणि नातीला विचारले, "त्या आता कुठवर पोहोचल्या असतील गं?" नातीने नकाशा काढून हिशेब केला.

जे वाचक मुलांकडे तिकडे जाणार असतील त्यांच्यासाठी: दक्षिणेला जाणारे देवमासे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि पिल्लांसह परतणाऱ्या आया एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत या कड्यावरून दिसतात. सकाळी वारा कमी असताना जावे. दुर्बीण आणि गरम कपडे न्यावेत, बसायला घडीची खुर्ची असावी. होडीतून जवळ जाण्याची सोयही आहे. पण कड्यावरून पाहिल्याने त्यांच्या वाटेत आपण येत नाही, म्हणून मला तीच रीत बरी वाटते. मोजणाऱ्या मंडळींना प्रश्न विचारले तर ते आनंदाने सांगतात, फक्त दुर्बीण डोळ्यावर असताना विचारू नयेत.

जूनच्या आरंभी आम्ही सारोळ्यास परतलो. पाऊस लागला होता, नीरा गढूळ वाहत होती. आता बरीच मेंढरे टेम्पोतून जातात, तरी एक उशिराचा कळप पुलावरून येताना दिसला. पुतण्या गल्ल्यावर होता. मी पायरीवर उभा राहून पाहिले.

त्याच महिन्यात मुलाने निरोप पाठविला. अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी हिवाळ्यातील मोजणीवरून यंदाची एकूण संख्या सुमारे १३ हजार ठरविली होती. आणि पॉइंट व्हिसेंटीच्या बऱ्याच उत्तरेला, पिएद्रास ब्लांकास येथे, परतणाऱ्या आया-पिल्लांची जी वेगळी गणना होते तिच्यावरून यंदा पिल्ले निघाली अवघी ८५ च्या आसपास. १९९४ पासून ही गणना सुरू आहे; इतका लहान आकडा तीत कधी आला नव्हता. आम्ही पाहिलेल्या तीन जोड्या त्या ८५ मध्ये असतील, अशी आशा आहे.

मी तो आकडा त्या दिवशीच्या रोजमेळात, तांदूळ आणि हरभऱ्याच्या नोंदींखाली, तारखेसह लिहिला. संध्याकाळी बेरीज करताना पुतण्याने वही माझ्यापुढे धरली आणि विचारले, "काका, हे ८५ कोणत्या खात्याला?" मी त्याला म्हणालो, ही रक्कम बेरजेत घेऊ नको, पुढल्या जूनपर्यंत ओळ तशीच मोकळी ठेव.